गाडीखालची फरशी कशी निवडावी? घराच्या पोर्चमधला एक पाठ



घर बांधताना हॉलच्या फरशीसाठी आपण चार दुकानं फिरतो. गाडी ठेवायच्या जागेची पाळी येते तेव्हा पैसे आणि उत्साह दोन्ही संपत आलेले असतात. मग "उरलेली टाईल लावून टाका" असं मिस्त्रीला सांगून आपण मोकळे होतो. खरं म्हणजे घरातली सगळ्यात जास्त मार खाणारी फरशी हीच. तिच्यावर गाडीचं वजन येतं, ऑइल सांडतं, कूलरचं पाणी वाहतं, मे महिन्याचं ऊन पडतं आणि पावसाळ्याचा चिखल येतो.

आपल्या नागपुरात तर पोर्च म्हणजे नुसतं गॅरेज नसतं. संध्याकाळी आजी-आजोबा तिथे खुर्ची टाकून बसतात, उन्हाळ्यात कुरडया वाळतात, तान्ह्या पोळ्याला मुलं लाकडी नंदी घेऊन तिथेच येतात. म्हणून ही फरशी टिकाऊ हवी, सहज धुता यायला हवी आणि ओली असताना त्यावरून म्हातारं माणूस घसरायला नको. यातली तिसरी अट आपण बहुतेक वेळा विसरतो. डाग पडला तर घासता येतो, पण सत्तरीत मोडलेलं खुब्याचं हाड सहज भरून येत नाही.

या एका निवडीत दाब, घर्षण, उष्णतेने होणारं प्रसरण, आम्ल आणि क्षेत्रफळ असे विज्ञान-गणिताचे पाच घटक येतात. म्हणून हा लेख घर बांधणाऱ्या पालकांसाठी आहे आणि वर्गात प्रकल्प घेणाऱ्या शिक्षकांसाठीसुद्धा.

१) आधी जमीन, मग फरशी

नागपूर दख्खनच्या बेसाल्ट खडकाच्या पूर्वेकडच्या टोकावर वसलेलं आहे. सीताबर्डीची टेकडी याच खडकाची. हा खडक झिजून काळी माती तयार होते. कापसाला ती चांगली, पण बांधकामाला त्रासदायक. पाणी मिळालं की ती फुगते आणि उन्हात आकसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या यामुळेच.

आता पोर्चच्या खाली हीच माती असेल तर वरची टाईल कितीही भारी घ्या, दोन-तीन पावसाळ्यांत ती उचलली जाईल किंवा तडकेल. म्हणून दुकानात जाण्याआधी मिस्त्रीला विचारायचं: "खालची काळी माती काढली का? मुरूम भरला का? पाणी मारून थराथराने दाबला का?" मुरमावर साधारण चार इंचांचं काँक्रीट आणि त्यावर फरशी, हा क्रम सोडू नका. पैसे कमी असतील तर वरची फरशी साधी घ्या, पण खालचं काम कमी करू नका. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

२) कार जड की स्कूटरचं स्टँड?

मुलांना विचारा, फरशी कशाने फुटेल? सगळे म्हणतील, कारने. आता गणित करूया.

दाब = बल ÷ क्षेत्रफळ.

समजा कार १००० किलोची आहे. चार चाकांवर प्रत्येकी २५० किलो. चाकातली हवा साधारण ३२ पॉइंट, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.२ किलो. चाक जमिनीवर जवळपास तेवढाच दाब देतं.

समजा स्कूटर ११० किलोची आहे आणि मधल्या स्टँडच्या दोन टोकांवर मिळून ८० किलो येतात. प्रत्येक टोक ४ चौरस सेंटिमीटरचं धरलं तर ८० ÷ ८ = १०. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १० किलो. कारच्या चौपटीहून जास्त!

वर स्टँड लोखंडी असतं आणि आपण ते धाडकन लावतो. म्हणून पातळ, घरात वापरायची टाईल पोर्चमध्ये आधी स्टँडच्या जागी फुटते. त्यातही खाली पोकळी राहिली असेल तर हमखास. टाईल बसवल्यावर प्रत्येक टाईलवर नाण्याने ठोकून बघा. भरीव आवाज आला तर ठीक, पोकळ 'ठक्क' आला तर ती काढून पुन्हा बसवायला सांगा. व्हिट्रिफाइड टाईल पाणी जवळजवळ शोषत नाही, त्यामुळे नुसत्या सिमेंटच्या घोळावर तिची पकड नीट बसत नाही. तिथे टाईल चिकटवायचा ॲडेसिव्हच वापरावा.

३) ऊन आणि सांधे

नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं आणि २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंश. म्हणजे एकाच शहरात ४४ अंशांचा फरक. उन्हात फरशी हवेपेक्षाही जास्त तापते, ते वेगळंच.

काँक्रीट एक अंशाला आपल्या लांबीच्या साधारण एक लाखांश भाग वाढतं. १६ फुटांचा पोर्च म्हणजे सुमारे ४.९ मीटर. तापमान ४० अंशांनी बदललं तर जवळपास २ मिलिमीटर वाढ होते. दोन मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण त्याला जागा दिली नाही तर फरशी स्वतःच जागा करून घेते: भेग पाडून किंवा टाईल उचलून. म्हणून टाईलला टाईल चिकटवून लावू नका, फट ठेवा. सिमेंटची फरशी करत असाल तर जुन्या घरांसारख्या काचेच्या पट्ट्या घालून चौकोन पाडा.

उन्हाळ्यात सिमेंटकाम केलं तर पाणी मारण्यात आळस नको. किमान ७ दिवस, कडक कोरड्या उन्हात १० दिवस फरशी ओली राहिली पाहिजे. ओली पोती टाकून ठेवावीत. लवकर वाळलेल्या सिमेंटची पुढे भुकटी निघते आणि मग रोज झाडूनही धूळ संपत नाही.

४) लिंबाची परीक्षा

शहाबाद फरशी कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातून येते, कोटा राजस्थानातून, कडप्पा आंध्रातून. तीन राज्यांतले तीन दगड, पण तिन्ही मुळात चुनखडकच. चुनखडकावर आम्ल पडलं की तो विरघळतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. नववीत आम्ल, आम्लारी आणि क्षार शिकवताना हेच उदाहरण घ्या.

कृती: फरशीचा तुकडा खिळ्याने थोडा खरवडा. निघालेल्या भुकटीवर व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसाचे थेंब टाका आणि जवळून बघा. बारीक बुडबुडे दिसले तर तो दगड आम्लाला कच्चा. ग्रॅनाइटवर हेच करा, बुडबुडे येणार नाहीत.

याचा घरातला अर्थ असा: टाईल धुवायचं ॲसिड शहाबाद, कोटा, कडप्पा किंवा सिमेंटच्या फरशीवर टाकायचं नाही. डाग जातो, पण त्याबरोबर वरचा गुळगुळीत थरही जातो. खडबडीत झालेल्या जागेत पुढचा डाग आणखी खोल बसतो. ते ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर तर कधीच एकत्र करू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. इन्व्हर्टरची बॅटरी पोर्चमध्ये असेल तर तिच्याखाली प्लास्टिकचा ट्रे ठेवा, कारण तिच्यातलं आम्ल गंधकाम्ल आहे. वर्गात मात्र फक्त लिंबू आणि व्हिनेगर.

५) ऑइलचा थेंब

साधं सिमेंट आणि बिनपॉलिशचा दगड यांना बारीक छिद्रं असतात. नमुन्यावर पाण्याचा एक थेंब टाका आणि घड्याळ लावा. थेंब लगेच आत मुरला तर ऑइलसुद्धा मुरेल. पाच मिनिटांनीही तसाच उभा राहिला तर ती फरशी पुसून साफ होईल.

पण टाईल चांगली असली तरी मधली फट साध्या सिमेंटची असेल तर ती काळी पडतेच. पोर्चमध्ये फटींना इपॉक्सी भरावं, नाहीतर निदान गडद रंग घ्यावा. ऑइल सांडलं की लगेच पाणी ओतू नका, ते पसरतं. लाकडाचा भुसा किंवा राख टाकून शोषून घ्या, झाडून काढा आणि मग कपड्यांची पावडर टाकून ब्रशने घासा.

६) घसरण मोजता येते

हा प्रयोग मुलांना सगळ्यात आवडतो. टाईलचा नमुना एका फळीवर पक्का बसवा. त्यावर रबरी चप्पल ठेवा, चपलेवर मिठाचा एक किलोचा पुडा. फळीचं एक टोक हळूहळू उचला. चप्पल सरकायला लागली की थांबा. वरच्या टोकाची उंची आणि खालचा आडवा पाया मोजा.

घर्षणाचा गुणांक = उंची ÷ पाया.

समजा पाया ६० सेंटिमीटर आणि उंची ३६ भरली, तर गुणांक ०.६. आता टाईलवर साबणाचं पाणी टाकून पुन्हा करा. उंची १८ वरच चप्पल सरकली तर गुणांक ०.३, म्हणजे पकड निम्मी झाली. दोन-तीन नमुने असे तपासले की दुकानातल्या दिव्याखाली चमकणारी टाईल ओली झाल्यावर कशी वागते ते मुलांना स्वतःच कळतं. काही टाईलवर आर-९ ते आर-१३ असे आकडे दिलेले असतात. आकडा जितका मोठा तितकी पकड जास्त. मात्र फार खडबडीत फरशीत माती अडकते, म्हणून मधला पोत बघावा.

७) मग काय लावायचं?

• छत असलेला पोर्च, घरात वयस्क माणसं: जाड, रफ फिनिशची पार्किंग टाईल. धुवायला सोपी, ऑइल मुरत नाही. बिनपॉलिशचा कोटाही चालतो, फक्त ॲसिड बंद.

• बजेट कमी: नीट चौकोन पाडलेली, नीट पाणी मारलेली सिमेंटची फरशी. डाग पडतील, पण वर्षानुवर्षं टिकेल आणि पुढे तिच्यावर टाईलही लावता येईल.

• गेटपासूनची उघडी जागा, खाली काळी माती: पेव्हर ब्लॉक. जमीन हलली तर तेवढेच ब्लॉक काढून पुन्हा बसवता येतात, पाणीही थोडं जमिनीत मुरतं. फटीत गवत येतं आणि ऑइलचा डाग राहतो, हे मान्य करून घ्यायचं.

• शटर असलेलं बंद गॅरेज: इपॉक्सी चालेल. दिसायला सुरेख, पुसायला सगळ्यात सोपं. पण काँक्रीटमध्ये ओल असेल तर त्याला फोड येतात. आधी प्लास्टिकचा दीड फुटी चौकोन चारही बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवा. खाली दव दिसलं तर थांबा. उघड्या पोर्चमध्ये इपॉक्सी उन्हाने पिवळं पडतं आणि तापलेल्या टायरला चिकटून हलक्या दर्जाचा थर निघूनही येतो.

• हॉलची उरलेली चकचकीत टाईल: कितीही फुकट वाटली तरी पोर्चमध्ये नको.

८) उतार आणि हिशेब

कुठलीही फरशी घ्या, पाणी साचलं तर ती खराब होणारच. १६ फुटांत घराकडून गेटकडे साधारण दोन इंच उतार पुरतो. काम झालं की मिस्त्रीसमोरच एक बादली पाणी ओता. दहा मिनिटांनी डबकं दिसलं तर ते त्याच दिवशी दुरुस्त करून घ्या, पैसे चुकते करण्याआधी.

आता क्षेत्रफळाचं गणित. पोर्च १० × १६ फूट = १६० चौरस फूट. टाईल १६ × १६ इंच. १६ फूट म्हणजे १९२ इंच, त्यात १२ टाईल. १० फूट म्हणजे १२० इंच, त्यात साडेसात टाईल. १२ × ७.५ = ९०. तुटफुटीसाठी दहा टक्के धरले तर ९९ टाईल. चार-पाच टाईल जपून ठेवा. काही वर्षांनी तोच रंग बाजारात मिळेलच असं नाही.

मुलांसाठी स्वाध्याय

१. तुमच्या घरातली किंवा शेजारची गाडी ठेवायची जागा मोजा आणि तुमच्या आवडीच्या टाईलचा हिशेब करा.
२. जमिनीवर गोटी ठेवा. ती कुठे घरंगळते? पाणी घराकडे येतं की बाहेर जातं?
३. तीन फरश्यांचे नमुने आणून थेंब, लिंबू आणि चप्पल या तिन्ही परीक्षा घ्या. निकालाचा तक्ता करा.
४. घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला विचारा: "कुठे चालताना भीती वाटते?" त्यांचं उत्तर तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात लिहा.

चौथा प्रश्न गाळू नका. मुलांनी केलेला हा तक्ता आणि दोन-तीन नमुने समोर ठेवून घरात चर्चा झाली, तर फरशीचा निर्णय फक्त दुकानदाराच्या सांगण्यावर होणार नाही. तुमच्या वर्गात हा प्रकल्प घेतलात तर कोणत्या नमुन्याचा गुणांक किती आला, ते जरूर कळवा.