बटईचं वावर

2010 च्या दिवाळीनंतर मी पांढुर्ण्यातल्या सायबर कॅफेत बसून इंग्रजीत पानं लिहायला लागलो. तासाला 20 रुपये पडायचे. एका विषयाचं एक पान, आजूबाजूला जाहिराती आणि जाहिरातीचं जे उत्पन्न येईल त्यातलं निम्मं लिहिणाऱ्याला, असा एका परदेशी वेबसाइटचा करार होता. घरी सांगितलं तेव्हा बाबांनी विचारलं, "वावर कोनाचं? विहीर कोनाची? अन् कागद हाय का?" बटईनं वावर करणारा माणूस हे आधी विचारतो. मी उत्तर न देताच कॅफेत गेलो.

पहिलं पान गोटमारीवर लिहिलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा. एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव, आणि दोन्हीकडून एकमेकांवर दगडफेक. पळून निघालेल्या जोडप्यावर नदीत दगड पडले, ही कथा आजीनं जशी सांगितली तशीच लिहिली. दरवर्षी माणसं रक्तबंबाळ होतात, हेही लिहिलं. दुसरं पान संत्र्यावर होतं. आंबिया बहाराची फळं कधी उतरतात, मृगाची कधी, बगीचा झाडावरच व्यापाऱ्याला दिला की तोडणीचा खर्च कोणाकडे जातो, हे सौंसरच्या मामांना विचारून विचारून लिहिलं. फोटोही त्यांच्याच बागेतले.

गोटमारीच्या पानावर वर्षातून दोनच दिवस गर्दी व्हायची. संत्र्याच्या पानाला वाचक थोडे, पण नेमके. एकदा दिल्लीच्या एका व्यापाऱ्यानं त्या पानावरून मला मेल करून मामांच्या बागेची चौकशी केली. तो सौदा झाला नाही, तरी या लिखाणाची खरी किंमत कुठे आहे ते तेव्हाच कळायला हवं होतं. मी जाहिरातीच्या आकड्याकडे बघत होतो. कोणीतरी सांगितलं की विमा आणि लॅपटॉपच्या जाहिरातींना जास्त पैसे मिळतात, म्हणून पुढची चाळीस पानं मी त्यावर लिहिली. मला विम्यातलं काही कळत नव्हतं. दहा ठिकाणचं वाचून अकराव्या ठिकाणी लिहिलं, आणि ते वाचून कोणी पॉलिसी घेतली असेल तर त्याचं ओझं अजून मनावर आहे.

फेब्रुवारी 2011 मध्ये गूगलनं शोधाची पद्धत बदलली. तो बदल 'पांडा' नावानं ओळखला जातो. उथळ मजकुराच्या वेबसाइटी शोधात खाली ढकलल्या गेल्या आणि काही महिन्यांत माझ्या पानांवरचे वाचक आटले. नंतर ती वेबसाइटच बंद झाली. सूचनेचा मेल आला होता. मी तेव्हा कापूस वेचणीच्या गडबडीत होतो, तो महिनाभरानं उघडला. तोवर पानं गेली होती, मामांच्या बागेचे फोटोही. पेनड्राइव्हवर काहीच ठेवलेलं नव्हतं. खात्यात 38 डॉलर जमा होते, पण पैसे काढायला 50 लागत होते, म्हणून हाती काहीच आलं नाही. वहीतला हिशेब असा: कॅफेचे सुमारे 200 तास, म्हणजे 4000 रुपये. पूर्ण 38 डॉलर मिळाले असते तरी तेव्हाच्या भावानं सतराशे-अठराशेच झाले असते.

लेख लिहून घेणाऱ्या मोठ्या नावांच्या वेबसाइटींचंही असंच झालं. गूगलचं 'नोल' 2008 मध्ये सुरू झालं आणि 2012 मध्ये मिटलं. सेथ गोडिन यांचं 'स्क्विडू' लेखकांना निम्मा वाटा द्यायचं. 2014 मध्ये ते 'हबपेजेस'मध्ये गेलं. 'याहू व्हॉइसेस' त्याच वर्षी बंद झालं. तेव्हा नाव मोठं आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

आता आमच्याकडची मुलं व्हिडिओ करतात, बातम्यांच्या अॅपवर लिहितात. त्यांना माझं सांगणं आहे की सुरू करण्याआधी जाहिरातीचं खातं कोणाच्या नावावर आहे ते बघा. स्वतःच्या नावाचं अॅडसेन्स, म्हणजे गूगलच्या जाहिरातींचं खातं असेल तर 10 डॉलर झाल्यावर पत्ता पडताळायला पिनचा कागद टपालानं घरी येतो, आणि पैसे 100 डॉलर झाल्यावर मिळतात. पांढुर्णा इंग्रजीत तीन-चार तऱ्हांनी लिहितात. म्हणून पत्ता आणि नाव पासबुकात आहे तसंच भरा. मित्रांना जाहिरातीवर क्लिक करायला कधीही सांगू नका, त्यानं खातं कायमचं जाऊ शकतं. आलेली रक्कम प्राप्तिकराच्या विवरणात दाखवा. काम देण्याआधीच कोणी नोंदणीचे पैसे मागत असेल तर तो लुबाडायला आलेला आहे. पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा.

आणि लिहायचं तर जे आपल्याला ठाऊक आहे तेच लिहा, मराठीत लिहा, शक्य असेल तर स्वतःच्या नावाच्या वेबसाइटवर. वेबसाइटच्या नावाचा, म्हणजे डोमेनचा, वर्षाचा खर्च हजाराच्या आसपास असतो. दुसऱ्याच्या जागेवर लिहायला हरकत नाही, मीही अजून लिहितो, पण मूळ प्रत आधी घरच्या संगणकावर ठेवतो.

माझं गोटमारीचं पान कोणीतरी उचलून दुसरीकडे टाकलं होतं, ते अजून सापडतं. त्यात पांढुर्णा छिंदवाडा जिल्ह्यात आहे. ऑक्टोबर 2023 पासून सौंसरसह आमचा पांढुर्णा जिल्हा वेगळा झाला, पण ते वाक्य दुरुस्त करणं माझ्या हातात नाही. तुमचं लिखाण अशा कुठल्या जागेवर पडून असेल, तर आज रात्रीच त्याची प्रत उतरवून घ्या, फोटोंसकट.