डोंगराखालील गावाने जागे कसे राहावे

पावसाळा आला म्हणजे मावळातील पुष्कळ घरांत एक प्रश्न निघतो : हा डोंगर सोडून दुसरीकडे जावे काय? हा प्रश्न भित्रेपणाचा नव्हे. लोणावळ्यास वर्षाकाठी सुमारे ४,००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि नाणे, पवन व आंदर ह्या तिन्ही मावळांत कित्येक वाड्या उतारास टेकून वसल्या आहेत. परंतु शेत, गुरे व पाणी सोडून जाणे सर्वांस साधत नाही. तर राहणाऱ्यांनी काय करावे, ह्याचा विचार ह्या पाठात करू.

१. दोन गावांची साक्ष. आपल्याच जिल्ह्यात, आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर ३० जुलै २०१४ रोजी सकाळी डोंगर कोसळला व १५१ माणसे मरण पावली. ही वार्ता बाहेर पोहोचली ती नेहमीच्या फेरीस आलेल्या एस.टी.च्या चालकामुळे. पुढे १९ जुलै २०२३ च्या रात्री, बोरघाटाखालील खालापूर तालुक्यात, इर्शाळवाडीवर दरड आली. २७ प्रेते सापडली. ५७ माणसांचा शोध लागला नाही. शाळेत जागी असलेली काही मुले आवाज ऐकून सावध झाली व वाचली. झोपलेल्या पुष्कळांस ती संधी मिळाली नाही. ही वाडी दरडीच्या धोक्याच्या सरकारी यादीत नव्हती. म्हणून यादीत आपले नाव नाही एवढ्यावरून निर्धास्त राहू नये.

२. जागा बदलल्याने सर्व भागते काय? माळीणच्या लोकांस नवी घरे मिळाली ती एप्रिल २०१७ मध्ये. त्याच वर्षी जूनच्या मोठ्या पावसात नव्या गावातील रस्ते खचले. तेव्हा नव्या जागीही पहारा सुटत नाही. मात्र तज्ज्ञांनी जागा राहण्यास अयोग्य ठरविली, तर हट्ट धरू नये.

३. गावाची तयारी.
(अ) जमिनीस भेगा पडणे, झाडे किंवा खांब कलणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे, दारे चौकटीत अडकणे, ही चिन्हे मुलाबाळांसही शिकवावी.
(आ) पूर्वी गावास जागल्या असे. मुसळधार पावसाच्या रात्री पाळीपाळीने दोघांनी जागावे.
(इ) इशाऱ्याची एकच खूण ठरवावी. घंटा असो वा भोंगा, ती अन्य कामास वाजवू नये.
(ई) उतारापासून व ओढ्यापासून दूर असलेली इमारत आधीच निवडावी. म्हातारे, आजारी व बाळंतिणी ह्यांस तेथे कोणी न्यावे, हे नावानिशी ठरवावे. पळताना दरडीच्या वाटेतून बाजूस व्हावे, तिच्यापुढे खाली धावू नये.
(उ) ११२ ह्या क्रमांकावर कळविण्याचे काम एका माणसाकडे द्यावे. बातमीची खात्रीही त्यानेच करावी, कारण घाबरलेल्या गावात अफवा दरडीइतकाच घात करते.
(ऊ) पावसाळ्यापूर्वी ओढे व चर मोकळे करावे. घराच्या मागील उतार खणू नये.

४. हे काम सर्वांचे. दरड जात किंवा धर्म विचारीत नाही. म्हणून आपल्या मंडळीने हे एकटीने करू नये. ग्रामपंचायत, तलाठी व सर्व शेजारी ह्यांसह करावे. जे गाव एका रात्रीपुरते घर सोडण्यास शिकले, त्यास ते कायमचे सोडण्याचा प्रसंग कदाचित येणार नाही. आणि आलाच, तर ते सर्वांस सोबत घेऊन निघेल.

विचारार्थ प्रश्न : आपल्या वाडीत आज रात्री प्रथम कोणास उठवावे लागेल? त्यास कोण उठवील?