दोरी कुठं कापायची

महापालिकेच्या अग्निशमन दलात लागलो तेव्हा गमबूट मिळाले, हेल्मेट मिळालं, कमरेचा पट्टा मिळाला. खिशातला चाकू ज्याचा त्यानं घ्यायचा. पोलीस आणि १०८ रुग्णवाहिकेवरची मंडळीही बहुतेक स्वतःच्याच पैशानं घेतात. त्यामुळे ‘कोणता घेऊ?’ असं नवे जवान अजून विचारतात. निवृत्त तांडेलाला दुसरं कोण काय विचारणार! पण कोणता घ्यायचा हे पाच मिनिटांत सांगून होतं. कुठं कापायचं, हे सांगायला वेळ लागतो.

१. टोक नको.

दुकानात पोरं आधी टोक बघतात, मग काळा रंग. आपल्याला कापायच्या असतात त्या वस्तू जिवंत अंगाला चिकटलेल्या असतात: शर्ट, सीटबेल्ट, हेल्मेटचा पट्टा. माणूस कळवळत असतो, हिसके देत असतो. तिथं टोकदार पातं म्हणजे दुसरी जखम. बोथट नाकाचं पातं कापडाखालून सरकवता येतं. १०८ वरचे डॉक्टर तर चाकू काढतच नाहीत. त्यांची कात्री मानेत वाकलेली असते आणि खालच्या पात्याचं टोक चपटं, गोल असतं. ते कातडीवरून घसरत पुढं जातं. जीन्सही कापते ती. रुग्णवाहिकेवरच्या माणसानं चाकूत पैसे घालू नयेत, दोन कात्र्या घ्याव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे. एक हरवतेच.

२. एका हातानं, आणि हातमोज्यासकट.

दुसरा हात मोकळा नसतो. त्यानं शिडी धरलेली असते, नाहीतर कुणाचं तरी डोकं. पात्याला अंगठ्यानं ढकलायची खुंटी किंवा भोक हवं. कोलोरॅडोच्या स्पायडर्को कंपनीनं १९८१ मध्ये गोल भोकाचा आणि खिशाला अडकवायच्या क्लिपचा चाकू काढला, तेव्हापासून ही सोय जगभर पसरली. उघडलेलं पातं लॉक झालं पाहिजे, नाहीतर दाब पडताच ते स्वतःच्याच बोटांवर मिटतं. स्विस आर्मी चाकू देखणा. तो बनवणारा एल्सेनरचा कारखाना १८९१ पासून स्विस सैन्याला चाकू पुरवतोय. पण नेहमीच्या लहान मॉडेलचं पातं नखानं उघडावं लागतं आणि त्याला लॉक नसतं. ओला हातमोजा घालून उघडून बघा. तो स्टेशनात ठेवावा, डबे उघडायला.

३. सीटबेल्टला घाई करू नका.

आधी बकलचं बटण दाबा. हे सांगावं लागतं, कारण हातात चाकू आला की लोक बटण विसरतात. गाडी उलटलेली असेल तर माणूस बेल्टवर लटकत असतो, सगळं वजन बकलवर येतं आणि बटण दबत नाही. तेव्हा कापायचं. पण कापल्यावर तो कुठं पडणार? डोक्यावर. म्हणून एकानं मान आणि डोकं धरायचं, दुसऱ्यानं खांद्यानं अंग तोलायचं आणि मगच तिसऱ्यानं पातं लावायचं, आधी खांद्यावरचा पट्टा, मग मांडीवरचा. बेल्ट म्हणजे पाच सेंटीमीटरला थोडी कमी रुंद अशी पॉलिस्टरची घट्ट विणलेली पट्टी. ती सैल असली तर गुळगुळीत धार नुसती घसरते. पट्टी ताणून धरायची आणि तिरपं कापायचं. म्हणून पात्याचा मुठीजवळचा निम्मा भाग करवती दात्यांचा असावा. आकड्यासारखा कटर याहून बरा, कारण त्याची धार खाचेत लपलेली असते. फक्त तो थोड्या कापण्यांत बोथटतो आणि त्याला घरी धार लागत नाही. नवा घ्यायचा.

काच फोडायची टोची पुष्कळ चाकूंना मागं बसवलेली असते. ती बाजूच्या काचेला, कोपऱ्यात मारायची. ती काच टणक केलेली असते, तिचा बारीक चुरा होतो. पुढची काच दोन थरांची, मध्ये प्लास्टिक. तिला टोची मारत बसलेले लोक मी पाहिलेत. चरे पडतात, वाट होत नाही. आणि फोडण्याआधी आतल्या माणसावर काहीतरी पांघरा.

४. ओढणी.

परदेशी चाकूच्या जाहिरातीत हे काम कधी दिसणार नाही. दुचाकीच्या मागच्या चाकात ओढणी किंवा साडीचा पदर जातो, चेनवर गुंडाळला जातो आणि गळा आवळतो. गोळा झालेले लोक चाक उलटं फिरवायला बघतात. फिरवू देऊ नका. चुकीच्या बाजूला अर्धा वेढा गेला तरी फास वाढतो. गाडी धरून ठेवा, बाईला चाकाच्या बाजूला सरकवा म्हणजे ताण कमी होतो, दोन बोटं गळा आणि कापड यांच्यामध्ये घाला आणि कापा चाकाकडच्या टोकाला, गळ्यापासून लांब. ताणलेलं कापड पातं टेकताच फाटतं. नंतर गळ्याभोवतीचा वेढा हातानं सैल होतो. तिथं पातं नेऊच नका.

अंगावरची साडी कापावी लागली तर आधी आजूबाजूच्या बायकांना कडं करून उभं करा. त्या करतात, फक्त कुणीतरी सांगावं लागतं. बंबावर एक स्वच्छ चादर कायम ठेवा. ‘नवी साडी आहे हो, कापू नका’ असं मोडक्या पायाची बाई म्हणते, तेव्हा हसू नये.

५. गाठ सोडायची नाही, गाठ कापायचीही नाही.

हे मला एका हवालदारानं शिकवलं. गळफासाच्या वर्दीवर धुगधुगी असण्याची जराशी जरी शक्यता असली तरी पंचनाम्याची वाट बघायची नाही. एकानं पाय उचलून धरायचे, दुसऱ्यानं दोरी डोक्याच्या वर, गाठीपासून दूर कापायची. गाठ कशी मारली, कुठल्या बाजूला होती, हे पुढं तपासात आणि शवविच्छेदनात बोलतं. कापलेली दोन टोकं कोणती, हे कळावं म्हणून पोलीस त्यांना दोरा बांधून ठेवतात. जीव गेल्याची खात्री असेल तर हातच लावायचा नाही.

कपड्यांचंही तसंच. चाकूहल्ल्यातल्या माणसाचा शर्ट कापताना भोकातून कात्री घालायचा मोह होतो, कारण तिथून सोपं जातं. भोक सोडून, शिवणीच्या कडेनं कापा. रक्तानं भिजलेला कपडा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून टाकू नका, कुजतो. आणि अंगात काही रुतलेलं असेल तर त्याच्याभोवतीचा कपडा कापा. ती वस्तू उपसायची नाही.

६. संक्रांत.

राष्ट्रीय हरित लवादानं जुलै २०१७ मध्ये नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली. जानेवारीत झाडावर लटकलेल्या घारींच्या वर्द्या तरी येतातच. ओढलं की मांजा पंखात आणखी खोल जातो. आधी घारीच्या डोक्यावर फडकं टाका. अंधार झाला की ती बरीच शांत होते. पंख अंगाशी मिटून धरा आणि मांजा जखमेच्या दोन्ही बाजूंना वीतभर सोडून कात्रीनं कापा. आत रुतलेला तुकडा पशुवैद्य काढतील. चाकू इथं नकोच, पाखरू एका झटक्यात फिरतं.

मांजा विजेच्या तारेवर असेल तर वीज बंद झाल्याचा निरोप येईपर्यंत काहीच करायचं नाही. रेल्वेच्या ओव्हरहेड तारेत २५,००० व्होल्ट असतात, मुठीवरच्या रबरावर भरवसा ठेवू नका.

७. चाकू उसना देताना मिटून द्या. परत मागायला लाजू नका.

८. कलिंगडाचा चाकू वेगळा.

खरं सांगायचं तर फायर स्टेशनात चाकू सर्वात जास्त चालतो तो कांद्यावर आणि कलिंगडावर. चालू दे. पण रक्ताला लागलेलं पातं त्या ताटात येता कामा नये. हिपॅटायटिस बी वाळलेल्या रक्तातही दिवसचे दिवस टिकतो. लोक मग ब्लीचमध्ये चाकू बुडवून ठेवतात आणि स्टेनलेसलाही खड्डे पडले म्हणून कुरकुरतात. ब्लीच पोलादाला खातंच. ते वापरलं तर सांगितलेल्या वेळेपुरतंच, मग भरपूर पाणी, साबणानं बिजागरीसकट ब्रश, पूर्ण कोरडं करणं आणि बिजागरीत शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब. कोकणात बदली असेल तर तेल नेमानं.

९. रजेच्या दिवशी लॉकरमध्ये.

शस्त्र कायद्याच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू येतात, घरकामाचे, शेतीचे आणि कारखान्याचे सोडून. आपला चाकू त्याच्या जवळपासही जात नाही म्हणून पोरं निर्धास्त असतात. पण सण, मोर्चे, निवडणुका आल्या की महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतो, आणि त्यात इजा करता येईल अशी कुठलीही वस्तू बसते. पात्याचं माप तिथं कुणी विचारत नाही. सरकारी नोकराला सूट असते ती कामावर असताना. सिनेमाच्या रांगेत नव्हे. खटक्याचा, बटण दाबून सुटणारा चाकू तर घेऊच नका. राख आणि वाळू गेली की तो अडतो, आणि दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेनुसार ७.६२ सेंटीमीटरच्या पात्यापासूनच तो अडचणीत आणतो.

१०. अंगठी.

सुजलेल्या बोटात अडकलेली अंगठी घेऊन लोक थेट स्टेशनात येतात. अंगठीखाली पातं घालू नका. बारीक, गुळगुळीत दोरा घ्या. त्याचं एक टोक अंगठीखालून तळहाताकडे काढा. उरलेला दोरा अंगठीच्या पुढं, नखाकडे, सांध्याच्या पलीकडेपर्यंत घट्ट, एकाला एक लागून गुंडाळा. मग तळहाताकडचं टोक ओढत उलगडत जा. अंगठी दोऱ्यावरून पुढं सरकते. दुखतं, पण निघते. बोट निळं पडलं असेल तर दोऱ्याच्या नादी न लागता अंगठी कापायचं यंत्र काढा. आणि निघालेली अंगठी लगेच, चार माणसांसमोर, मालकाच्या हातात द्या.