गव्हाच्या पाणीपाळ्यांचा दिवसवार तक्ता

गव्हास पाणी किती द्यावे ह्याइतकेच ते केव्हा द्यावे ह्यास महत्त्व आहे. पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी मुकुटमुळे फुटतात. ह्या वेळी जमिनीत ओल नसल्यास मुळांची व फुटव्यांची वाढ खुंटते, आणि ही हानी मागाहून दिलेल्या भरपूर पाण्यानेही भरून निघत नाही. पुढे कांडी धरताना ४० ते ४५, फुलोऱ्यात ६० ते ६५ व दाणे भरताना ८० ते ८५ दिवसांनी पाण्याची निकड असते.

महाराष्ट्रात बागायती गव्हाची वेळेवर पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात होते. उशिराची पेरणी १५ डिसेंबरपर्यंत चालते. त्यामुळे एकाच गावात प्रत्येक शेताचे दिवस निराळे असतात. हा हिशेब स्मरणावर न सोडता संगणकावरील अथवा मोबाइलवरील स्प्रेडशीटमध्ये, म्हणजे आकडेमोड आपोआप करणाऱ्या तक्त्यात, मांडावा.

तक्त्याची मांडणी

पहिल्या ओळीत मथळे लिहून दुसऱ्या ओळीपासून नोंदी कराव्यात. रकाने असे :

ए – शेत
बी – पेरणीची तारीख
सी – पाणी देण्याचा दिवस (पहिल्या पाळीसाठी २१)
डी – उलटलेले दिवस : =टुडे()-बी२
ई – उरलेले दिवस : =सी२-डी२
एफ – भिजवणीस लागणारे दिवस
जी – उसंत : =ई२-एफ२

सूत्रांतील अक्षरे व अंक टंकताना इंग्रजी लिपीत टाकावेत. 'टुडे' हे सूत्र त्या दिवसाची तारीख देते. तीच सूत्रे खालच्या ओळींत उतरवून घ्यावीत.

उदाहरण

समजा, पेरणी १० नोव्हेंबरला झाली आणि आज २५ नोव्हेंबर आहे. १५ दिवस उलटले, ६ उरले. शेत चार एकर असून पंपाने दिवसाला एक एकर भिजते. म्हणजे उसंत ६ दिवसांची नसून दोनच दिवसांची आहे. २८ नोव्हेंबरला आरंभ केला तरच १ डिसेंबरला, म्हणजे एकविसाव्या दिवशी, काम पुरे होईल. केवळ उरलेले दिवस पाहून स्वस्थ बसणारा शेतकरी येथेच फसतो. एका विहिरीवर अनेकांची शेते असल्यास ज्याची उसंत सर्वांत कमी, त्यास पहिली पाळी द्यावी.

घ्यावयाची दक्षता

१. काही यंत्रांत महिना आधी व दिवस नंतर धरला जातो. त्यामुळे ५ नोव्हेंबरची ११ मे होते. पहिली नोंद करताच महिना तपासावा.

२. उत्तर दिवसांऐवजी तारखेच्या रूपात दिसल्यास त्या रकान्याचे स्वरूप 'संख्या' असे ठेवावे.

३. पाणी देऊन होताच सी रकान्यात पुढील पाळीचा दिवस, उदाहरणार्थ ४२, लिहावा. उसंत उणे दिसल्यास काम वेळेत पुरे होणार नाही असे समजावे. दुसरा पंप मिळवावा किंवा पाळी बदलून घ्यावी.

तक्ता दिवस मोजतो, ओल मोजत नाही. हलक्या जमिनीत ओल लवकर उडते, म्हणून तेथे पाळ्यांतील अंतर कमी ठेवावे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पेरणीच्या दिवशीच तारीख टिपून घ्यावी व रोज सकाळी तक्ता पाहून ज्यांची उसंत सरत आली आहे अशा शेतकऱ्यांस सूचना द्यावी.