फर्मवेअर चढवण्याआधी

नाशिक

चि. ओंकार,


निफाडच्या वस्तीवरच्या कॅमेऱ्यांच्या डीव्हीआरचं फर्मवेअर या रविवारी अपडेट करतो, असं तू कळवलंस. जरूर कर, पण रविवार टाळ. काही अडलं तर सर्व्हिस सेंटर उघडं हवं, म्हणून कामाच्या दिवशी सकाळीच हात घाल.

हे करायचं कशासाठी, ते आधी समजून घे. सप्टेंबर २०२१ मध्ये हिकव्हिजनच्या अनेक कॅमेऱ्यांत आणि काही रेकॉर्डरमध्ये अशी फट उघड झाली, की पासवर्ड नसतानाही बाहेरच्याला यंत्राचा ताबा घेता यावा. ती बुजवायला नवं फर्मवेअरच लागलं. पण सगळं फर्मवेअरने भागत नाही. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या मालवेअरने जगभरचे कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले, ते कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच राहिले होते म्हणून. त्याच यंत्रांच्या जोरावर २१ ऑक्टोबरला वेबसाइटचे पत्ते शोधून देणाऱ्या अमेरिकेतल्या डाइन (Dyn) कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स अडखळले. तेव्हा कॅमेरे बसवणाऱ्याने ठेवलेला पासवर्डही याच वेळी बदल.

आता फाइल. डीव्हीआरच्या खालच्या लेबलवरचा मॉडेल नंबर आणि मेनूतली चालू आवृत्ती, दोन्हींचा फोटो काढ. फाइल कंपनीच्याच साइटवरून घे; व्हॉट्सॲपवर आलेली चालणार नाही. नाव सारखं असलं तरी आतला बोर्ड वेगळा असू शकतो. शंका आली तर सिरियल नंबर सांगून कंपनीलाच विचार. सोबतची सूचना पूर्ण वाच. कधी मधली एखादी आवृत्ती आधी चढवावी लागते, आणि एकदा पुढे गेल्यावर मागे येता येईलच असं नाही. द्राक्षांवर फवारायच्या औषधाचं लेबल वाचल्याशिवाय तुझे बाबा पंपात थेंब टाकत नाहीत. तीच शिस्त इथे लाव.

खरी भीती लाईटची. फर्मवेअर हार्ड डिस्कवर नसतं, बोर्डवरच्या फ्लॅश चिपमध्ये असतं. जुनं पुसून नवं लिहिलं जात असताना लाईट गेली, तर डीव्हीआर पुन्हा चालूच न होण्याचा धोका असतो. म्हणून तो आणि मॉनिटर इन्व्हर्टरवर घे, आणि बॅटरी पूर्ण भरलेली आहे ना ते आधी बघ. पडद्यावरचा टक्क्यांचा आकडा एका जागी अडकून राहिला तरी वायर ओढू नकोस, धीर धर.

सुरुवात करण्याआधी सेटिंग पेन ड्राइव्हवर काढून ठेव. जपायचं फुटेज वेगळ्या ड्राइव्हवर घे. अपडेटनंतर डिस्क फॉरमॅट करू का, असं विचारलं तर ‘हो’ म्हणू नकोस, आधी मला फोन कर. एका बटणात सगळं जुनं रेकॉर्डिंग जाईल.

शेवटी तारीख-वेळ तपास. वेळ चुकलेली असेल तर पोलिसांपुढे त्या फुटेजचा जोर कमी पडतो. गेट, ट्रॅक्टर शेड, कांदाचाळ, प्रत्येक कॅमेऱ्याचं नुकतंच झालेलं रेकॉर्डिंग मागे नेऊन चालवून बघ. पडद्यावर चित्र दिसतं म्हणजे ते साठतंय, असं धरून चालू नकोस.

नवा पासवर्ड वहीत लिहून बाबांच्या हाती दे. तू कॉलेजला परतलास की डीव्हीआर त्यांनाच सांभाळायचा आहे.

वहिनी आणि दादांना नमस्कार.

तुझा,
काका