वादळानंतरचा अंधार

3 जून 2020 रोजी दुपारी 'निसर्ग' नावाचे चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, अलिबागच्या दक्षिणेस येऊन धडकले. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, म्हसळा हा मुलूख आणि शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड व दापोली हे तालुके त्याच्या तडाख्यात सापडले. वाऱ्याचा वेग ताशी 100 किलोमीटरांहून अधिक होता. घरांची कौले उडाली आणि पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. आम्ही कोकणी बोलणारे लोक नारळाच्या झाडास 'माड' म्हणतो. माड पडला म्हणजे घरातले कर्ते माणूस गेले, असे किनाऱ्यावरच्या कुटुंबास वाटते. वादळ काही तासांत पुढे गेले. परंतु वीज मात्र कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे परतली नाही.

वादळ काही तासांचे आणि अंधार महिन्याचा, असे का व्हावे? याचे उत्तर विजेच्या प्रवासात आहे. आपल्या जवळचेच उदाहरण घ्या. तापी नदीवरील उकाई येथे किंवा काकरापारच्या अणुवीजकेंद्रात निर्माण झालेली वीज उच्च दाबाच्या वाहिन्यांनी दूरवर नेली जाते. उपकेंद्रांत तिचा दाब टप्प्याटप्प्याने उतरविला जातो. तेथून 11,000 व्होल्टच्या तारा गावोगाव जातात. गावातील रोहित्र, ज्यास आपण नेहमी डी. पी. म्हणतो, तो दाब आणखी उतरविते आणि मग आपल्या घरात 230 व्होल्टची वीज येते. ही सारी रचना वृक्षासारखी आहे. खोड एक, फांद्या थोड्या, डहाळ्या मात्र असंख्य. खोड सांधले की शेकडो गावांना वीज मिळण्याची सोय होते; पण शेवटच्या डहाळीवर एकेका खांबामागे चार-दोन घरे असतात. श्रम तेवढेच, फळ मात्र थोडे. त्यातून कोकणातील वाड्यांत मोडलेली झाडे तोडून आधी वाट करावी लागते आणि पुष्कळदा खांब खांद्यावर वाहून न्यावे लागतात. म्हणूनच शेवटच्या घरी दिवा सर्वांत उशिरा लागतो.

हाच अनुभव पुढील वर्षी गुजरातने घेतला. 17 मे 2021 च्या रात्री 'तौक्ते' वादळ दीव व उना यांच्या परिसरात किनाऱ्यावर चढले आणि सौराष्ट्रातील हजारो गावे काळोखात बुडाली. कोविडची साथ तेव्हा जोरात होती. अशा वेळी रुग्णालये व पाणीपुरवठा यांना आधी वीज द्यावी लागते, घरांचा क्रम त्यानंतर येतो. हा क्रम ज्यास ठाऊक असतो, तो 'आमच्याच गल्लीवर अन्याय का?' म्हणून वायरमनशी भांडत बसत नाही.

वीज गेली म्हणजे दिवे गेले, असे आपण समजतो. वास्तविक दिव्यावाचून माणसाचे फारसे अडत नाही. आपले आजे-पणजे कंदिलाच्या उजेडातच शिकले. खरे अडते ते पाण्यावाचून. कूपनलिकेचा पंप बंद पडतो आणि छपरावरची टाकी एक-दोन दिवसांत रिकामी होते. पिठाची गिरणी थांबते. घरात गव्हाचे पोते असूनही पोळी मिळत नाही. मोबाईलचे मनोरे त्यांच्या बॅटऱ्या संपताच मुके होतात, आणि मदत हवी आहे हे सांगण्याचे साधनच नाहीसे होते. विजेच्या एका खुंटीस आपण किती गोष्टी टांगून ठेवल्या आहेत, हे ती खुंटी मोडल्यावरच कळते.

या प्रश्नाचे गांभीर्य पोर्तो रिको बेटाच्या उदाहरणावरून ध्यानात येईल. 20 सप्टेंबर 2017 रोजी 'मारिया' वादळाने तेथील संपूर्ण वीजव्यवस्था कोलमडली. शेवटच्या घरांपर्यंत वीज पोहोचण्यास सुमारे 11 महिने लागले. मृतांचा सरकारी आकडा प्रथम 64 होता. पुढे विद्यापीठीय अभ्यासानंतर तो 2,975 मानण्यात आला. यांतील बहुतेक माणसे वाऱ्याने नव्हे, तर त्यानंतरच्या महिन्यांत दगावली. वृद्ध व गरीब यांना धोका सर्वांत अधिक होता. यावरून दिसते की वादळ ओसरले म्हणजे संकट टळले, असे नव्हे.

मग आपण काय करावे? वादळाची सूचना मिळताच पिण्याचे पाणी झाकून भरून ठेवावे, पीठ दळून आणावे, थोडी रोख रक्कम जवळ ठेवावी. विजेरी व बॅटरीवरचा रेडिओ तपासून पाहावा. साठवलेल्या पाण्याविषयी शंका असल्यास ते उकळूनच प्यावे. घरात कोणी इन्शुलिन घेत असल्यास ते शीतकपाटाविना कसे व किती दिवस टिकेल, हे डॉक्टरांस आधीच विचारून ठेवावे. तुटलेली तार निर्जीव दिसली तरी तिच्याजवळ जाऊ नये, वीजमंडळींस कळवावे.

जनित्र वापरणाऱ्यांनी दोन गोष्टी विसरू नयेत. पहिली, ते नेहमी घराबाहेर, खिडक्यांपासून दूर ठेवावे. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही, त्यास वासही नाही, आणि झोपेतच तो प्राण घेतो. बंद खोलीतील शेगडीही तितकीच घातक. दुसरी, जनित्राची तार घरातील खटक्यात परस्पर जोडू नये. तशी जोडल्यास वीज उलट वाहून रोहित्रात शिरते. जे रोहित्र दाब उतरविते, तेच उलट दिशेने तो हजारो व्होल्टपर्यंत चढविते. बंद समजून तारेला हात लावणारा वायरमन, जो आपल्याच घरी उजेड आणण्यास खांबावर चढलेला असतो, त्यास आपणच मारतो!

पलसाण्यापासून अरबी समुद्र फार दूर नाही. या समुद्रात वादळे मुख्यतः मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर या महिन्यांत उठतात, म्हणजे आपल्या दोन्ही मोठ्या सुट्यांच्या आसपास. तेव्हा या सुटीत प्रत्येकाने वहीच्या एका पानावर तीन प्रश्नांची उत्तरे लिहून आणावीत. आपल्या गल्लीत विजेवाचून पाणी देणारी विहीर किंवा हातपंप कोठे आहे? औषधांवर वा यंत्रावर ज्यांचा जीव अवलंबून आहे, असे शेजारी कोण? वरच्या मजल्यावर एकटे राहणारे वृद्ध कोण, आणि त्यांना पाणी कोण नेऊन देईल? तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात काही विद्यार्थ्यांना स्वतःचेच नाव लिहावे लागेल. त्यांनी ते स्वच्छ अक्षरांत लिहावे.