काढलं तरी परत येतं, तेव्हा

सगळ्यात आधी एक ध्यानात ठेव बेटा. जे सॉफ्टवेअर काढलं तरी दुसऱ्या दिवशी परत हजर होतं, ते एकट्याच्या जोरावर येत नाही. त्याला परत आणणारं दुसरं काहीतरी त्याच मशीनमध्ये असतं. तू अनइन्स्टॉल करतेस ते समोर दिसणाऱ्याला, मागचं तसंच राहतं. म्हणून वस्तीत कोणी 'अवं, हे जाऊनच नाही राहिलं' म्हणत बोलावलं, तर लगेच डिलीट करायला बसू नको. आधी पाहा आणि विचार.

विचारायचं काय, तर दिवस. हे कधीपासून सुरू झालं? काकू म्हणतील, पोराचा युनिव्हर्सिटीचा निकाल पाहिला तेव्हापासून. एवढं पुरे. कंट्रोल पॅनलमध्ये 'प्रोग्रॅम्स अँड फीचर्स' उघड आणि तारखेच्या रकान्यावर क्लिक कर, यादी तारखेप्रमाणे लागते. निकालाच्या तारखेला एकाखाली एक नावं दिसतील. एक पीडीएफ उघडणारं, एक हवामान सांगणारं, एक 'ड्रायव्हर अपडेट' करून देतो म्हणणारं, आणि एक असं की कोणी बनवलं तो रकानाच कोरा. काकूंना छळणारं यातलं एकच असतं, पण सगळी एकाच डाउनलोडसोबत आलेली असतात. सगळी काढायची. एक ठेवलंस तर ते बाकीच्यांना पुन्हा उतरवून घेतं. मात्र प्रिंटरचं किंवा विंडोजचं अपडेटही त्याच दिवशी येऊन गेलेलं असू शकतं, म्हणून बनवणाऱ्याचं नाव वाचल्याशिवाय हात लावायचा नाही. यादीचा मोबाइलवर फोटो काढून ठेव, पुढे कामी येतो.

मग क्रम. आधी थांबवायचं, मग काढायचं, मग परत आणणारं शोधायचं आणि शेवटी रीस्टार्ट करून पाहायचं. थांबवण्यासाठी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघड. संशयित नावावर उजवं क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' केलं की ते कोणत्या फोल्डरमध्ये राहतं ते कळतं. तो पत्ता कागदावर लिहून घे आणि मगच 'एंड टास्क' कर. एकाला बंद करताच दुसरं त्याला उठवत असेल, तर तिथं झटापट करू नको, सरळ सेफ मोडमध्ये जा. शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट करायचं, मग ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, पुन्हा रीस्टार्ट आणि 4 चा आकडा. तिथं विंडोज गरजेपुरतंच उठतं, बाहेरून आलेले बहुतेक प्रोग्रॅम उठतच नाहीत. नवा लॅपटॉप असेल तर या वाटेला जाण्याआधी त्याची 48 आकडी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटवर सापडते का ते पाहून घे. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असली, तर मध्येच ती की मागितली जाते आणि घरात कोणालाच ठाऊक नसते.

सेफ मोडमध्ये काही प्रोग्रॅम अनइन्स्टॉल होत नाहीत, 'विंडोज इन्स्टॉलर सर्व्हिस' मिळत नाही असा निरोप येतो. मशीन बिघडलेलं नसतं. ती सर्व्हिस सेफ मोडमध्ये बंदच असते. अशा वेळी तिथं फक्त त्या प्रोग्रॅमचं आपोआप सुरू होणं बंद कर आणि साध्या विंडोजमध्ये परत येऊन काढ.

आता परत आणणारं कुठं लपतं ते. स्टार्टअपची यादी सगळेच पाहतात, म्हणून हट्टी सॉफ्टवेअर तिथं फारसं सापडत नाही. तू 'टास्क शेड्युलर' उघड. तिथं कोणतं काम कधी आपोआप सुरू व्हायचं याची नोंद असते. लॉग-इन झालं की, किंवा दर तासाला, मघाच्या कागदावरच्या फोल्डरमधली फाइल चालवणारी एखादी नोंद मिळेल. नाव 'अपडेट' असं साळसूद असतं, म्हणून नावावर जाऊ नको. 'ॲक्शन्स'मध्ये जाऊन ती कोणती फाइल चालवते ते वाच. ही नोंद काढली की अर्ध्याहून अधिक दुखणी तिथंच संपतात, असा माझा अनुभव आहे.

ब्राउझरमध्ये तीन जागा. पहिली म्हणजे क्रोममध्ये एक्स्टेन्शन दिसतं, पण ते काढायचं बटणच चालत नाही, आणि मेनूच्या तळाशी 'हा ब्राउझर तुमची संस्था सांभाळते' अशा अर्थाची इंग्रजी ओळ असते. ऑफिसच्या मशीनवर हे ठीक आहे. नागपूरच्या मानेवाड्यातल्या घरच्या कॉम्प्युटरवर कुठली आली संस्था? कोणीतरी रजिस्ट्रीत धोरण टाकून ठेवलंय असं समज. काही अँटीव्हायरसही असं करतात, ते आधी तपास. मग रजिस्ट्रीतली क्रोमची पॉलिसी काढायची, पण त्याआधी रिस्टोअर पॉइंट करून आणि त्या भागाची प्रत काढून. दुसरी जागा म्हणजे डेस्कटॉपवरचा क्रोमचा शॉर्टकट. त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये 'टार्गेट'च्या ओळीत क्रोमच्या नावापुढे एखाद्या वेबसाइटचा पत्ता चिकटवलेला असतो. होमपेज कितीही बदला, त्या शॉर्टकटवरून उघडलं की तीच साइट येते. तिसरी जागा त्या मशीनमध्ये नसतेच. पोराचं गूगल अकाउंट सिंक चालू असतं. इथं काढलेलं एक्स्टेन्शन त्याच्या होस्टेलच्या लॅपटॉपवर जिवंत असतं आणि अकाउंटमार्फत इथं परत उतरतं. दोन्हीकडून काढ.

आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात 'पाच व्हायरस सापडले' असं सारखं येत असेल, तर बहुतेक वेळा सॉफ्टवेअर आलेलंच नसतं. कुठल्या तरी साइटला नोटिफिकेशनची परवानगी दिलेली असते. ब्राउझरच्या सेटिंग्जमधून ती काढली की शांतता. त्यात दिलेल्या नंबरवर फोन करायचा नाही हे घरातल्या आजी-आजोबांना स्वतः बसून समजावून सांग, घाईत सांगू नको. फोनवरचा माणूस एनीडेस्क, म्हणजे दुरून मशीन चालवू देणारं ॲप, घ्यायला लावतो आणि मग बँकेवर येतो.

लॅपटॉपसोबत फुकट आलेला, मुदत संपलेला अँटीव्हायरस काढणं सगळ्यात चिवट काम. व्हायरसनं आपल्याला बंद पाडू नये म्हणून तो स्वतःच्या फाइलींना संरक्षण देतो, आणि तेच संरक्षण तुझ्याही आड येतं. त्याच्याशी भांडू नको. मॅकॅफी, नॉर्टन, अवास्ट अशा मोठ्या कंपन्या त्यासाठी स्वतःचं वेगळं टूल देतात. ते कंपनीच्याच साइटवरून घ्यायचं. काढून झालं की 'विंडोज सिक्युरिटी' उघडून डिफेंडर चालू झाला ना, हे डोळ्यांनी पाहायचं.

वरवरचं काढून भागत नाही याचा मोठा दाखला 2015 सालचा आहे. लेनोवोच्या काही लॅपटॉपमध्ये कारखान्यातूनच 'सुपरफिश' नावाचं जाहिराती घुसवणारं सॉफ्टवेअर येत होतं. लोकांनी ते अनइन्स्टॉल केलं, यादीतून नाव गेलं, पण त्यानं बसवलेलं रूट सर्टिफिकेट मागे राहिलं, आणि बँकेच्या साइटचंही सोंग आणता येईल इतकं ते धोक्याचं होतं. ते वेगळं काढावं लागलं.

हे काढायचं काम हलकं समजू नको. आपल्याकडचा क्विक हील अँटीव्हायरस दुरुस्तीच्या टेबलावरच जन्माला आला. कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर आणि मग कॉम्प्युटर दुरुस्त करायचे, आणि दुरुस्तीला येणारी मशीनं व्हायरसनं भरलेली असायची. धाकटे भाऊ संजय यांनी ते काढणारे प्रोग्रॅम लिहिले. साताऱ्याकडच्या रहिमतपूरचे हे दोघे. मला या गोष्टीचा अभिमान आहे, म्हणून सांगितली.

फुकटचं साधन हवं असेल तर केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेनं 2017 साली सुरू केलेलं 'सायबर स्वच्छता केंद्र' आहे, त्याच्या साइटवर सफाईची टूल्स मिळतात. विंडोजमधला डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅनही वापर. मशीन रीस्टार्ट होऊन साधारण 15 मिनिटांत तो उरकतो, आणि विंडोज उठायच्या आधीच चालत असल्यानं लपलेलंही पकडतो. पूर्ण स्कॅन मात्र काही तास घेतो, तो मे महिन्यात दुपारी लावू नको. आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो, धुळीनं भरलेला पंखा दमतो आणि मशीन मध्येच बंद पडतं. लोक सीपीयूला गार हवा मिळावी म्हणून तो कूलरसमोर सरकवतात. कूलरची हवा ओली असते, सीपीयू तिथून उचलून ठेव.

हे सगळं घरात शिरतं कुठून, तेही पाहून ये. टायपिंगची परीक्षा देणारी पोरं फुकट मराठी फॉन्ट शोधत फिरतात आणि मोठ्या हिरव्या बटणावर क्लिक करतात. फॉन्टची फाइल टीटीएफ किंवा ओटीएफ असते. फॉन्ट म्हणून ईएक्सई उतरली, तर ती चालवायची नाही. नुसतं युनिकोड मराठी लिहायचं असेल तर कीबोर्ड विंडोजमध्येच आहे, भाषेच्या सेटिंगमधून मराठी जोडून दे. झेरॉक्सच्या दुकानातून आलेल्या पेनड्राइव्हमध्ये सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झाले असतील तर आतला मजकूर गेलेला नसतो, लपवलेला असतो. शॉर्टकटवर क्लिक न करता आधी पेनड्राइव्ह स्कॅन कर.

दोनदा रीस्टार्ट करून आणि एक दिवस थांबूनही ते परत आलं, तर हट्ट सोड आणि फॉरमॅट कर. फोटो, कागदपत्रं, पीडीएफ बाहेरच्या डिस्कवर घे, इन्स्टॉलरच्या फाइली घेऊ नको. डी ड्राइव्हमध्ये काय आहे ते घरच्यांना समोर बसवून विचार. बर्डीवरच्या दुकानात द्यायचं असेल तरी हे आधी घरीच करायचं. पासवर्ड दुसऱ्या स्वच्छ मोबाइलवरून बदलायचे, आधी ईमेलचा, मग बँकेचा.

पण बँकेतून पैसे गेले आहेत असं कोणी म्हणालं, तर यातलं काहीच करू नको. नेटची वायर काढ, बँकेला आणि सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर लगेच फोन लावायला सांग, आणि मशीन जसं आहे तसं ठेव. पोलिसांना ते पाहावं लागेल.